नवरागी

कळंबला बदली होऊन मी खोली शोधत फिरत होते तेव्हाची गोष्ट. कुणीतरी सांगितलेल्या घराचं फाटक वाजवलं, तर ते एका निळ्या हातांच्या माणसानं उघडलं. कोपरापर्यंत निळे हात, नखं जवळजवळ काळी. मी जनावरांची डॉक्टर. कातडी निळी पडली म्हणजे प्राणवायू कमी पडतोय, एवढंच मला शिकवलेलं. नमस्कार करायचा विसरून मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. ओठ पानानं लालभडक होते.

“घाबरू नका जी,” ते म्हणाले. “मी जित्ता हाय. हात तेवढे रंगले.”

मग माझं नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी माझ्या कुर्त्याच्या बाहीचं टोक दोन बोटांत धरलं, उलटं करून पाहिलं आणि मान हलवली.

“मशीनची शिवन. एक धागा तुटला का सारी सुटते. खोली वर हाय, चाला दाखवतो.”

त्या खोलीत मी तीन-चार वर्षं राहिले. त्यांना सगळे काकाजी म्हणत, मीही म्हणू लागले. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून सारी नोकरी काढून ते निवृत्त झालेले. उंच, थोडे वाकलेले, आवाज असा की इंजिन चालू असतानाही पलीकडच्याला ऐकू जावा. तो आवाज घरातही कधी खाली आला नाही. गाव त्यांना चक्रम समजे. त्यांना हे ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. “चक्रमाले कोनी लग्नाची वर्गणी मागत नाही, भाषन दे म्हनत नाही. लय आराम असते,” ते म्हणत.

समोरचा माणूस कोण आहे यापेक्षा त्यानं काय घातलंय आणि ते कशानं रंगलंय, याची त्यांना जास्त काळजी. बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला ते विचारत, “भाऊ, हा हिरवा धुन्यात उतरते का?” चिंतामणीच्या देवळात गेले तरी हात जोडलेले आणि डोळे देवाच्या पिवळ्या वस्त्रावर. बाहेर आल्यावर हळहळत, “डब्यातला रंग हाय. एवढा पळस फुलते चहूकडं, देवाले तरी खरा पिवळा नेसवा.”

पळस फुलला की ते पोतं घेऊन यवतमाळच्या रस्त्याला लागत. भाजीवाल्याकडून कांद्याची सालं आणत, रसवाल्याकडून डाळिंबाची. सागाची कोवळी पानं तळहातावर चोळून, हात लालभडक झाला की येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. परसात एका डब्यात गंजके नटबोल्ट गुळाच्या पाण्यात मुरत पडलेले असत. त्यातून काळा रंग निघतो. त्याला ते ‘लोखंडाचं लोणचं’ म्हणत. एकदा काकूंच्या बहिणीनं खरंच लोणचं समजून झाकण उघडलं आणि त्या वासानं ती बाई दोन घास कमी जेवून गेली.

काकू म्हणजे काकाजींच्या अगदी उलट. लहानखुऱ्या, कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की त्यावर दुसऱ्याला काही बोलायला जागा राहत नसे. गावाबाहेर त्यांचं थोडं शेत होतं, कापूस आणि मधे तुरीच्या ओळी. काकाजी नोकरीवर होते तेव्हापासून ते काकूच पाहत. सकाळी डबा बांधून जात आणि उन्हं कलली की परत येत. आपल्या पातेल्यांवर मात्र त्यांची सक्त नजर. एकदा डाळीला गुलाबी छटा आली तेव्हा त्यांनी ते पातेलं काकाजींच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, “आता यातच जेवा, यातच रंगवा.” तेव्हापासून घरातली भांडी वाचली.

हे सगळं सुरू झालं ते लेकीमुळे. त्यांची एकुलती एक मुलगी जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या सेवाघरात काम करते. जाऊन वर्ष झाल्यावर तिनं वडिलांना पहिली भेट पाठवली. मी यायच्या आधीची ही गोष्ट, पण दोघांनीही मला ती इतक्यांदा सांगितली की मला ती पाहिल्यासारखी वाटते. पार्सल उघडलं तर आत एक जुनं, निळं, आखूड जाकीट. कोपरावर ठिगळ, पाठीवर ठिगळ, ठिगळावर ठिगळ.

“पोट्टी एवढी दूर गेली अन् भांडेवालीच्या गाठोड्यातलं पाठवून राह्यली काय बाप्पा?” काकू म्हणाल्या.

काकाजींनी ते घातलं नाही. त्यांनी ते जमिनीवर पसरलं, चष्मा लावला आणि ब्लेडनं एकेक टाका उसवायला सुरुवात केली. नवीन गाडी वर्कशॉपला आली की आधी ती खोलायची, ही त्यांची सवय. संध्याकाळी लेकीचा फोन आला, चित्र दिसणारा. बापानं जाकिटाचे तुकडे करून ओळीनं मांडलेले पाहून तिला रडू फुटलं.

“बाबा, शंभर वर्षं जुनं आहे ते!”

“मंग आतून पाहाले नको?” काकाजी म्हणाले. “हे पाय. याच्यात कात्री गोल फिरलीच नाही. समदे तुकडे सरळ. पट्ट्याच पट्ट्या. बाही खराब झाली का बाही काढा, नवी लावा. बाकीच्याले धक्का नाही. हे कपडा नाही पोरी, हे इंजिन हाय.”

ठिगळं काढली तशी त्यांच्याखाली आणखी ठिगळं निघाली. सगळ्यात खाली, जिथं ऊन कधी पोचलंच नव्हतं, तिथला निळा रंग नव्यासारखा गडद होता. काठाच्या दुमडीत भाताचा एक तूस सापडला. “धानाचा शेतकरी होता हा,” काकाजी म्हणाले, आणि जणू त्या माणसाशी ओळख झाल्यासारखे खूश झाले.

मग त्यांनी विचारलं, “याले तिकडं काय म्हनते?”

“नोरागी,” लेक म्हणाली. “नोरा म्हणजे शेत. गी म्हणजे अंगावर घालायचं. शेताचा कपडा.”

तेवढ्यात काकू शेतातून आल्या. कापूस वेचायला जाताना इकडच्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात, उन्हासाठी आणि बोंडांची टोकं हातांना ओरखडू नयेत म्हणून. काकूंच्या अंगावर काकाजींचा वर्कशॉपचा खाकी शर्ट होता. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या, खिशावर तेलाचा जुना डाग.

काकाजी मला सांगत, “मी तिच्याकडं पाहत राह्यलो. तिथं शेताच्या कपड्याले नाव हाय जी, डॉक्टरबाई. कोनीतरी त्याच्यासाठी नीळ उगवली, सूत कातलं, टाके घातले. अन् माह्या घरात जिनं सारी जिंदगी शेत केलं तिच्या अंगावर काय? मी टाकून देल्लेलं.”

ते जाकीट त्यांनी पावसाळाभर बसून पुन्हा जसंच्या तसं जोडलं. आणि काकूंसाठी तसं एक आपल्या हातानं करायचं ठरवलं, इथल्याच कापसाचं, खऱ्या रंगाचं.

हातमागाचं जाड कापड मिळालं. निळीच्या वड्या दक्षिणेतून मागवल्या. पण नीळ अशी उकळून रंगत नाही, ती आंबवावी लागते. त्यासाठी गोठ्यात एक मोठं पिंप आलं. त्यात नीळ, चुना, गूळ. रोज ढवळायचं, वास घ्यायचा, पिंपाला भूक लागली असेल तर गूळ घालायचा. काकाजी त्या पिंपाशी बोलत. काकूंनी त्याचं नाव ‘सवत’ ठेवलं होतं. “सवतीनं आज खाल्लं का?” असं त्या गंभीर चेहऱ्यानं विचारत.

मी राहायला आले त्याच हिवाळ्यात एका सकाळी काकाजी जिना चढून आले. चेहरा उतरलेला. “डॉक्टरबाई, जरा खाली चालता का? तब्येत बरी नाही.”

“काकूंची?”

“नाही जी. पिंपाची.”

मी हसले, पण गेले. पाण्यावर तांब्यासारखी चकाकणारी साय येते ती आली नव्हती, आणि वास आंबट मारत होता. मी वाकले आणि मला एकदम तो वास ओळखीचा वाटला. धान्याच्या पोत्यात तोंड घालून बसलेल्या म्हशीच्या पोटाचा असाच वास येतो. बॅगेतून कागदाची पट्टी काढून बुडवली. फार आंबट. थर्मामीटर घातलं. गार.

“किती गूळ घातलात?”

काकाजी ढवळायची काठी पुसू लागले. दारातून काकू म्हणाल्या, “ढेप संपली माही. थंडीत तिले शक्ती पाहिजे म्हने.”

“जास्त चारलंत काकाजी. पोट आंबलंय. गूळ बंद, थोडा थोडा चुना द्या, आणि गुंडाळून ठेवा. थंडी सोसत नाहीये.”

त्यांनी पिंपाभोवती कुटार, म्हणजे तुरीचं भुसकट, रचलं, वर पोती बांधली, आणि एखाद्या आजारी गाईपाशी बसावं तसे तिथं बसून राहिले. चार-पाच दिवसांनी सकाळी सकाळी खालून आरोळी आली, “डॉक्टरबाई! साय आली!” मी धावत गेले. पिंपातून कापड बाहेर काढलं तेव्हा ते हिरवट-पिवळं होतं. मग हवेत धरल्या धरल्या, आमच्या डोळ्यांसमोर, ते कडेकडेनं निळं होत गेलं. काकू चूल सोडून आल्या होत्या. कापड पूर्ण निळं होईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

रंग जमला, पण शिवण जमेना. त्या जाकिटावर हातानं घातलेले छोटे छोटे धावते टाके होते, एका ओळीत, कापडाचे दोन थर एकमेकांना धरून ठेवणारे. काकाजींचे टाके दारू प्यालेल्यासारखे चालत. गावातल्या शिंप्यांनी हात वर केले. मग काकाजी ते जपानी जाकीट पिशवीत घालून शेजारच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेले. तिथं एक म्हातारी होती. सगळा तांडा तिला याडी म्हणे, म्हणजे आई. जुन्या काळी तिच्या घरचे बैलांवर माल लादून गावोगाव नेत; आता तिची मुलं शेती करतात. मी त्या दिवशी तिच्या शेळ्या बघायला गेले होते, म्हणून हे मी स्वतः पाहिलं.

याडीनं जाकीट मांडीवर घेतलं. डोळे अधू झालेले, म्हणून बोटांनी टाके चाचपले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग हसली.

“आछो छ,” ती म्हणाली, म्हणजे छान आहे. “कोन्या तांड्याचं हाय?”

“जपानचं,” काकाजी म्हणाले.

“तो तांडा कुठं आला?”

“समुद्राच्या पलीकडं.”

“लय लांब गेले की आपले लोक,” ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं एक जुनी पिशवी आणली. तिच्यावर तसेच टाके होते, पांढऱ्या दोऱ्याचे, ओळीवर ओळ. काकाजी जमिनीवरच बसले. पुढे कित्येक दिवस ते तिच्या अंगणात बसून शिवायला शिकले. याडी त्यांचे टाके उसवायची आणि म्हणायची, “मोटार चांगली करत असशील तू.”

काकूंचं जाकीट दिवाळीनंतर तयार झालं. कापूस वेचणीला आलेला. लेकीला फोन लावला, मला चहाला बोलावलं, आणि काकाजींनी ते घडी घालून काकूंच्या हातात दिलं. खरंच सुंदर झालं होतं. काकूंनी लुगड्यावर ते चढवलं आणि नाड्या बांधल्या.

फोनमधून लेक ओरडली, “आई, थांब थांब! उलटं बांधलंस. डावी बाजू वर पाहिजे. उजवी वर घेऊन इथं फक्त मेलेल्या माणसाला बांधतात!”

काकूंनी खाली मान घालून पाहिलं. “मंग बरोबर हाय,” त्या म्हणाल्या. “मेल्यावरच सुटी भेटन मले.”

आम्ही सगळे हसलो. काकू हसल्या नाहीत. फोन बंद झाल्यावर त्यांनी जाकीट काढलं, नीट घडी केली आणि काकाजींच्या मांडीवर ठेवलं.

“लय सुंदर शिवलं तुमी,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “दोन सालापासून पाहून राह्यली, तुमी माह्या कामाचा कपडा करून राह्यले. अन् काम कोन करून राह्यलं? तुमी रिटायर झाले. मी कवा होनार?”

मी कप घेऊन उगाच उठले.

“मले कपडा कायले देता?” काकू म्हणाल्या. “तुमी शेतात चाला.”

त्या संध्याकाळी पिंप कुणी ढवळलं नाही. काकाजी ओट्यावर बसून होते. दिवा लावायच्या वेळी मी खाली उतरले तेव्हा ते स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले, “बरोबर बोलली. मी शेताचा कपडा शिवला अन् शेतात गेलतोच नाही.”

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या वस्तीवरून परत येत होते. त्यांच्या शेतापाशी बायांचा असा हशा चालला होता की मी गाडी थांबवली. कापसाच्या ओळीत काकाजी उभे होते, स्वतः शिवलेलं तेच निळं जाकीट घालून. रुंद बाही पऱ्हाटीच्या फांदीत अडकली होती आणि ती सोडवायला गेले तर दुसरी अडकली होती. वेचलेला कापूस ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो त्यांनी काखेत धरला होता. बोटांच्या टोकांना रक्त आलेलं. घाम इतका, की निळीचा ओघळ मानेवरून खाली आला होता.

“काकाजी, बुजगावनं झालं तुमचं!” एक तरुण बाई म्हणाली. ती दरवर्षी वेचणीला येत असे, तोंडाची मोठी फटकळ.

मला वाटलं, ते आता चिडतील. पण त्यांनी हात वर केले. “सांगा मंग. काय काय चुकलं ते सांगा. एकएक जनी सांगा.”

बायांना ते नवीन होतं. त्यांना कपड्याबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं. एक म्हणाली बाही मनगटाशी बांधता आली पाहिजे. दुसरी म्हणाली काखेत हवा पाहिजे, जीव जाते उन्हानं. तिसरीला तंबाखूच्या पुडीसाठी खिसा हवा होता, चौथीला मोबाइलसाठी. काकू दोन ओळी पलीकडे वेचत होत्या. त्यांनी हात न थांबवता सांगितलं, “अन् पोटापाशी ओटी पाहिजे, शिवलेली. कमरेले फडकं बांधून बांधून कंबर मोडली.”

काकाजी दुसऱ्या दिवशीही शेतात गेले. तिसऱ्याही. पूर्ण वेचणी त्यांनी काकूंच्या शेजारच्या ओळीत काढली. दुपारी बांधावर बसून दोघं भांडत, पण आता ते भांडण बाहीच्या लांबीवरून असे. “इथं आवरा.” “इथं आवरलं तर हात कसा वर जाईन?” “जाईन. मी वेचते का तुमी?” संध्याकाळी काकाजी उसवत, पुन्हा जोडत, सकाळी काकू घालून पाहत, दुपारपर्यंत त्यात चूक काढत. पिंपाची जबाबदारी तेवढी माझ्याकडे आली. मी दवाखान्यात जाण्याआधी वास घेऊन जायची.

ओटीवरून काकाजींचा मेकॅनिक पुन्हा जागा झाला. त्यांनी पोटापाशी अशी पिशवी केली की खालची नाडी ओढली की तळ उघडे आणि कापूस थेट गोणीत पडे. हात घालून उपसायला नको. त्या फटकळ बाईनं ती नाडी ओढून पाहिली. “आवो, हे तर टिप्पर हाय! वणीच्या खदानीतलं!” दिवसभर तिनं गरज नसताना तीन-तीनदा टिप्पर रिकामं केलं.

एका सकाळी काकूंनी खाकी शर्ट घेतला, पुन्हा खुंटीला लावला, आणि म्हणाल्या, “आना ते इकडं.” नवीन कपडा चढवला. डावी बाजू वर घेतली. “जित्त्या मानसासारखं बांधलं ना आता?” त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणाले. त्या गेल्या. त्यांच्या मागे काकाजी डबा घेऊन गेले.

वेचणीला आलेल्या बायांनी तो काकूंच्या अंगावर पाहिला आणि त्यांना एकदम नाव हवं झालं.

“याले काय म्हनते काकाजी?” फटकळ बाईनं विचारलं.

“नोरागी.”

“काय? नवरागी?”

मग जो हशा उसळला तो पलीकडच्या शेतापर्यंत गेला. “बरोबर हाय की! आतापावेतो नवऱ्याचा शर्ट होता, आता नवरागी झाली!”

“नवऱ्यानं शिवली म्हनून नवरागी,” काकू म्हणाल्या, आणि लाजल्या. त्यांना लाजताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

काकाजींनी चार दिवस सगळ्यांना समजावून पाहिलं की नोरा म्हणजे शेत. कुणी ऐकलं नाही. नंतर एकदा मी त्यांना लेकीशी बोलताना ऐकलं, “तुह्या आईची नवरागी धुवाले टाकली,” आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. लेकीनं काकूंचा शेतातला फोटो तिच्या सेवाघरात दाखवला होता. तिथल्या एका फार म्हाताऱ्या बाई, शेतात आयुष्य गेलेल्या, बऱ्याच दिवसांत कुणाशी बोलल्या नव्हत्या. त्यांनी फोटोतल्या ओटीवर बोट ठेवलं, ती नाडी कशासाठी आहे ते समजून घेतलं, आणि म्हणाल्या, “आम्हाला हे कसं सुचलं नाही?” काकूंनी हे लेकीकडून पुन्हा पुन्हा सांगून घेतलं.

पुढच्या हंगामात याडीच्या अंगणात पाच-सहा जणी शिवायला बसू लागल्या. गोठ्यात दुसरं पिंप आलं. काकाजींनी बांधावर नीळ पेरली. ती पहिल्या वर्षी शेळ्यांनी खाल्ली, दुसऱ्या वर्षी उगवून आली. कळंबच्या आसपास कापसाच्या शेतात अधूनमधून निळं दिसू लागलं. फार नाही, पण गाडीवरून जाताना मला दिसायचं.

मग माझी महागावला बदली झाली. निघायच्या दिवशी काकाजी एक पुडकं घेऊन वर आले. त्यात माझ्यासाठी कपडा होता. निळा नव्हता, खैर आणि साग मिळून जो गडद तपकिरी होतो, तसा. मी घालून पाहिला. डावी बाही खांद्यापाशी नुसत्या नाड्यांनी बांधलेली होती.

“ही शिवायची राहिली का?”

“राह्यली नाही जी. सुटते ती.” त्यांनी दोन नाड्या ओढल्या, बाही हातात आली. “तुमी रोज घरी येता अन् तुमच्या समद्या कुर्त्यांचा डावा खांदा गेलेला असते. गाईच्या पोटात हात घालता ना तुमी, डाव्या हातानं? पार खांद्यापावेतो. मंग बाही कायले पाहिजे तिथं? काढा, कमरेले खोसा, काम झालं का बांधा.”

इतकी वर्षं हे काम केलं. सरकारनं मला पांढरा कोट दिला होता, तो पहिल्याच आठवड्यात कपाटात गेला.

“रंग असा घेतला का शेन अन् रगत दोनी याच्यात जिरते,” ते म्हणाले. “कपाटात ठेवला तर वापस घेऊन जाईन.”

महागावला रुजू होऊन थोडेच दिवस झाले असतील. सकाळीच एका वाडीवरून बोलावणं आलं. गाय अडली होती, वासराचा एक पाय मागं दुमडलेला. गाईची मालकीण, एक मध्यमवयीन बाई, गाईचं डोकं छातीशी धरून उभी होती आणि तिच्या कानात सारखं काहीतरी बोलत होती. मी नाड्या ओढल्या, बाही कमरेला खोसली आणि चिखलात गुडघे टेकले. किती वेळ गेला सांगता येत नाही. हात बधिर झाला, बाहेर काढला, पुन्हा घातला. शेवटी तो पाय बोटांना लागला, सरळ झाला, आणि मग सगळं एकदम घडलं. वासरू माझ्या मांडीवरच आलं, गरम, चिकट. क्षणभर हललं नाही. मी नाक साफ केलं, छाती चोळली. मग ते शिंकलं.

दुपार झाली होती. विहिरीच्या काठावर बसून मी काकाजींना फोन लावला.

“काकाजी, तुमच्या कपड्याची आज वाट लागली.”

“फाटला?”

“नाही. मळलाय. रक्त, शेण, चिखल, सगळं.”

“खांद्याले ओढ बसली का?”

“नाही बसली.”

“हात पुरा गेला? कुठं रुतलं नाही?”

“कुठंच नाही.”

“मंग काखेत अजून बोटभर सैल करून देतो, म्हंजे तुमाले—” एवढ्यात फोनची ओढाओढ झाल्याचा आवाज आला आणि काकू बोलू लागल्या.

“गाय कशी हाय?”

“बरी आहे काकू. चाटतेय.”

“काय झालं?”

“कालवड.”

“उभी राह्यली का?”

मी गोठ्याकडे पाहिलं. कालवड मागचे पाय टेकून धडपडत होती, पुढचे सरळ होत नव्हते. मालकीण हात लावायला गेली आणि मागं सरली. कालवड पडली. मी काकूंना सांगितलं. “थांबा,” त्या म्हणाल्या. आम्ही दोघी फोन कानाला लावून थांबलो. कालवड पुन्हा उठली, चारही पाय लांब फाकून, थरथरत, आणि या वेळी पडली नाही.

“उभी राहिली, काकू.”

“मंग आता तुमी जेवा,” काकू म्हणाल्या. “सकाळपासून काही खाल्लं नसन.”

मालकीण भाकर आणि वाटीत वरण घेऊन येतच होती. मी हात धुतले आणि तशीच, आहे त्या कपड्यात, जेवायला बसले.